मणियार मॅडमची कोरी फाईल

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शाहीन मणियार यांचं स्वरयंत्र ऑपरेशन करून काढून टाकण्यात आलं. गाठ पसरली होती, दुसरा उपाय नव्हता. जानेवारीत त्या कॉलेजात पुन्हा रुजू झाल्या. त्याच आठवड्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांनी संशोधन प्रकल्पासाठी एक विषय त्यांच्यापुढे ठेवला. मॅडमना पुन्हा बोलतं करायला कोणतं सॉफ्टवेअर योग्य, ते शोधायचं, असा तो विषय होता.

मणियार मॅडम पदार्थविज्ञान शिकवतात. बिबवेवाडीत आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर त्या आणि त्यांच्या आई राहतात. मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे, माझी पाळी संध्याकाळची असते. त्यामुळे दिवसा इमारतीत काय चालतं ते मला ऐकू येतं.

मॅडम सुती साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालतात. डबा प्रयोगशाळेच्या टेबलापाशी उभ्यानं खातात. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर सांगत, "सुट्टी मिळाली नाही." भाजीवाल्याकडे गेल्या की भाजीकडे नंतर बघत, आधी त्याचा काटा रिकामा बघत.

"अहो मॅडम, काटा बरोबर आहे."

"मग रिकामा दाखवायला काय हरकत आहे?"

कॉलेजात त्यांची ओळख याच गोष्टीसाठी होती. दरवर्षी विद्यार्थी प्रकल्पासाठी सॉफ्टवेअरची नावं घेऊन येत. मोजमाप घ्यायचं, आलेख काढायचे, आवाजाचं पृथक्करण करायचं, ज्याचं त्याचं काम वेगळं असे. मॅडमची पद्धत मात्र एकच होती.

"मॅडम, हे फ्री आहे. रेटिंग पण फोर पॉइंट एट आहे."

"हॉटेल निवडताय का?"

"नाही मॅडम, पण सगळे हेच वापरतात."

"सगळे सिग्नलही तोडतात. पुढे?"

पुढे काय ते मुलांना मागच्या वर्षीच्या मुलांनी सांगितलेलं असे. मॅडम एक कोरी फाईल देत. तिच्यात काहीही नसे. मोजमाप नाही, आवाज नाही, चित्र नाही. ती सॉफ्टवेअरला द्यायची आणि ते काय उत्तर देतं ते बघायचं. 'काही सापडलं नाही' असं उत्तर आलं तर ते सॉफ्टवेअर पुढच्या चाचणीला जाई. काहीही सापडलं तर बाद. "ज्याला काहीच दिलं नाही तरी काहीतरी सापडतं, त्याला खरं दिल्यावर काय सापडलं यावर कोण विश्वास ठेवणार?" असं त्या म्हणत.

एका गटानं स्वारगेटच्या चौकातल्या वाहनांचा आवाज रेकॉर्ड केला होता. सॉफ्टवेअरनं त्यात एक ठरावीक लय शोधून दिली. मुलं खूश झाली. मॅडमनी मायक्रोफोनची वायर काढायला लावली आणि पुन्हा रेकॉर्ड करायला सांगितलं. तीच लय पुन्हा आली.

"म्हणजे स्वारगेट तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे," मॅडम म्हणाल्या. "छान झालं. बस तरी चुकणार नाही."

हा प्रसंग त्या गटातल्या एका मुलीनं मला सांगितला. दुसऱ्या मुलीला विचारलं, तेव्हा तिनंही तसाच सांगितला.

त्यांचा आवाज बारीक आणि कोरडा होता. वाक्याच्या शेवटी किंचित खाली जाई. टोमणा मारतानाही त्यात फरक पडत नसे, म्हणून तो टोमणा होता हे समोरच्याला जरा उशिरा कळे. सांगितलेलं वाक्य त्या दुसऱ्यांदा सांगत नसत. याला एकच अपवाद होता, करोनाच्या काळातले ऑनलाइन तास. तेव्हा आतल्या खोलीत दार लावून त्या शिकवत आणि दर थोड्या वेळानं थांबून विचारत, "माझा आवाज येतोय का?" उत्तर आलं नाही की, "कोणी आहे का?" आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते मला खाली ऐकू येई. त्या तासांची रेकॉर्डिंग्ज कॉलेजनं जपून ठेवली होती.

ऑपरेशननंतर मॅडम गळ्यातल्या छिद्रातून श्वास घेऊ लागल्या. त्यावर एक पातळ रुमाल असे. डॉक्टरांनी बोलण्याचे जे मार्ग सुचवले, त्यातला एक जमला नाही, दुसऱ्याला जखम भरून येईपर्यंत थांबायचं होतं. त्या खांद्याला एक छोटी पांढरी पाटी अडकवून हिंडत आणि तिच्यावर लिहून बोलत. वर्गात एवढं चाले. घरी चालत नव्हतं. त्यांच्या आईला दिसत नाही.

अम्मी ऐंशीच्या पुढच्या. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. ऑपरेशन झालं हे त्यांना काही दिवस आठवे, काही दिवस नाही. आठवत नसे त्या दिवशी त्या लेकीला हाका मारत राहत, आणि लेक शेजारी बसलेली असे.

प्रकल्प कशासाठी आहे हे दोन्ही विद्यार्थ्यांना माहीत होतं. पहिल्याच पानावर त्यांनी लिहिलं होतं, 'वापरणार: मॅडम. ऐकणार: मॅडमची आई.' रेणुका वानखडे ही यवतमाळची मुलगी, वसतिगृहात राहणारी. ओंकार विश्रांतवाडीचा. संगणकाची जोडणी त्याच्याकडे होती, चाचण्या रेणुकाकडे.

त्यांनी तीन सॉफ्टवेअर निवडली. लिहिलेला मजकूर ती मोठ्यानं वाचून दाखवत. एक पहिल्याच दिवशी बाद झालं. ते मराठी बोले, पण परक्या प्रांतातून कालच उतरल्यासारखं. मॅडमनी पाटीवर लिहिलं, 'याला सदाशिव पेठेत कोणी खोली देणार नाही.' राहिली दोन. मुलं त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणत. 'अ'मध्ये एका बाईचा तयार आवाज होता, स्वच्छ, सपाट, कोणाचाच नसलेला. 'ब'ला कोणाचाही आवाज शिकवता येत होता. ओंकारनं त्याला मॅडमचे ऑनलाइन तास ऐकवले होते.

प्रयोगशाळेत 'ब' पहिल्यांदा बोललं ती दुपारची वेळ होती. ओंकारनं टाइप केलं, 'उद्या सगळ्यांनी जर्नल पूर्ण करून आणावं.' तो आवाज मॅडमचा होता. शेवट किंचित खाली जाणारा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. रेणुका रडली. मॅडमनी पाटीवर लिहिलं, 'वाक्य माझं नाही. मी "आणा" म्हणते.'

मग त्यांनी कोरी फाईल द्यायला सांगितली.

'अ'ला दिली. काही झालं नाही. 'ब'ला दिली. थोडा वेळ काही झालं नाही. मग स्पीकरमधून श्वास आत घेतल्याचा आवाज आला, बोलण्याआधी माणूस तोंडानं घेतो तसा. आणि मॅडमचा आवाज म्हणाला, "माझा आवाज येतोय का?"

प्रयोगशाळेचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते मागे काचेची भांडी पुसत होते. ते सवयीनं म्हणाले, "येतोय मॅडम." मग त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

मुलं हसली. मॅडमनी लिहिलं, 'पुन्हा.' पुन्हा कोरी फाईल दिली. या वेळी काही आलं नाही. तिसऱ्यांदा दिली. श्वास आला आणि नंतर, "कोणी आहे का?" तेव्हा कोणी हसलं नाही.

ओंकारनं कारण सांगितलं, आणि ते बरोबर होतं. त्या रेकॉर्डिंगमध्ये जिथे जिथे शांतता होती, तिथे तिथे तिच्यापाठोपाठ हीच दोन वाक्यं आली होती. सॉफ्टवेअर तेवढंच शिकलं होतं, शांतता असली की हे म्हणायचं.

नियमाप्रमाणे 'ब' बाद होत होतं.

"मॅडम, पण हा तुमचा आवाज आहे," रेणुका म्हणाली. "यवतमाळला माझ्या आईला माझा फोन एक दिवस नाही आला तर ती शेजारच्यांना उठवते. तुमच्या आईला कसं वाटत असेल? एकदा त्यांना ऐकवून तर बघू. त्यांनी ओळखलं तर?"

मॅडमनी पाटी पुसली. मग लिहिलं, 'रविवारी घरी या.' याआधी कधी त्यांनी कोऱ्या फाईलचा नियम बाजूला ठेवल्याचं विभागातल्या कोणालाही आठवत नाही.

रविवारी सकाळी त्यांनी मला वर बोलावलं. पाटीवर लिहून आणलं होतं: 'तिऱ्हाईत माणूस हवा. तुम्ही बसा. जे होईल तेवढंच नोंदवा, बातमीसारखं.'

रेणुका आणि ओंकार आधीच आले होते. अम्मी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. शेजारी रेडिओ लावलेला. मला त्या आवाजावरून ओळखतात. "आओ पेपरवाले," त्या म्हणाल्या. "आज क्या झूट छापे?"

मॅडम समोर बसल्या. टॅब्लेटवर 'ब' उघडून त्यांनी टाइप केलं. त्यांचा आवाज खोलीत आला. "अम्मी, नाश्ता केला का?"

अम्मींनी ताबडतोब हात लांबवून रेडिओ बंद केला. ओठांवर बोट ठेवलं. माझ्या दिशेला वळून हळू आवाजात म्हणाल्या, "चुप बैठो. उसकी क्लास चालू है."

मॅडमनी पुन्हा टाइप केलं. "अम्मी, मी इथेच आहे. तुमच्यासमोर."

अम्मी हलल्या नाहीत. बोट ओठांवर तसंच.

रेणुकानं मॅडमकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही घरी मराठी नाही बोलत?"

मॅडमनी मान हलवली. मायलेकी एकमेकींशी दखनी उर्दू बोलत. मराठी कॉलेजची, बाजाराची, पाहुण्यांची. करोनाच्या काळात आतल्या खोलीतून लेकीचा मराठी आवाज येऊ लागला की बाहेर अम्मींनी रेडिओ बंद करायचा आणि गप्प बसायचं, हे दोघींमध्ये ठरलेलं होतं. अम्मी ते विसरल्या नव्हत्या. प्रकल्पात आवाजाची स्पष्टता, वेग, चुका, सगळं तपासलं होतं. ही गोष्ट विचारायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. मॅडमच्याही.

लेकीचं दखनी बोलणं रेकॉर्ड केलेलं कुठे आहे का, ते शोधलं. नव्हतं. दोघी आयुष्यभर एकाच घरात राहिल्या होत्या. एकमेकींना आवाजी निरोप पाठवायची वेळच आली नव्हती. ओंकारनं 'ब'मध्ये दखनी वाक्य टाइप करून पाहिलं. मॅडमचा आवाज तास घेतल्याच्या चालीत म्हणाला, "अम्मी, खाना खाए क्या?"

अम्मींच्या तोंडावरचं बोट खाली आलं. "ये कौन है?" त्या म्हणाल्या. "मेरी बेटी की नकल कौन कर रा?" त्या खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या. मॅडमनी टॅब्लेट पालथा घातला.

थोड्या वेळानं 'अ' लावलं. सपाट आवाज म्हणाला, "नमस्कार अम्मी." अम्मींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मराठीत, अदबीनं म्हणाल्या, "या, बसा. आपण कोण?"

"मी शाहीन."

"हो का? आमच्या मुलीचं नावपण शाहीनच."

मी हे नोंदवलं. रेणुकाला ते पटलं नव्हतं. एका बैठकीवरून निष्कर्ष काढू नये, हे मॅडमनीच शिकवलं आहे, असं ती म्हणाली. आवाज ओळखला गेला होता, प्रश्न फक्त भाषेचा होता, अम्मींना सवय होईल. तिनं एक आठवडा मागितला. मॅडमनी दिला. टॅब्लेट 'ब'सह घरी राहिला.

त्या आठवड्यात एका दुपारी मी घरात होतो. मॅडम कॉलेजला गेल्याचं मी स्वतः पाहिलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वरचा आवाज आला, "माझा आवाज येतोय का?" कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग पुन्हा, "माझा आवाज येतोय का?" मग बराच वेळ काही नाही. मग, "कोणी आहे का?"

ऑपरेशनपासून त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते. मी वर गेलो.

टॅब्लेट जेवणाच्या टेबलावर उघडा होता. पडदा कोरा. ओंकारनं नंतर सांगितलं, त्याच्या जोडणीत चूक होती. पान उघडं राहिलं की ते मधूनमधून आपोआप कोरा मजकूर पाठवत होतं. मॅडम निघाल्या तेव्हापासून ते चालू होतं.

अम्मी खुर्चीत होत्या. रेडिओ बंद. ओठांवर बोट. समोरच्या चहावर साय धरली होती. डबा उघडलेला नव्हता, सकाळची गोळी वाटीत तशीच होती. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

"आज बहोत लंबी क्लास चली," त्या कुजबुजल्या. "कब से पूछ री. पोरां जवाब नै देते उसकू."

टेबलावरून श्वास आत घेतल्याचा आवाज आला. मी टॅब्लेट बंद केला.

"हो गई?" अम्मींनी विचारलं.

मी हो म्हणालो. मग त्यांनी गोळी मागितली.

मॅडमना मी हे फोनवर लिहून कळवलं. त्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आल्या. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी ओंकारला 'ब' काढून टाकायला सांगितलं, टॅब्लेटवरून, लॅपटॉपवरून आणि जिथे जिथे प्रत ठेवली होती तिथून.

"मॅडम, एक कॉपी राहू द्या ना," रेणुका म्हणाली. "वापरू नका. फक्त राहू द्या. परत कधी मिळणार नाही तो आवाज."

मॅडमनी लिहिलं, 'तासांची रेकॉर्डिंग्ज आहेत. त्यात मी आहे.'

"पण ती तेच तेच बोलणार."

'हो,' मॅडमनी लिहिलं. ओंकारनं फायली काढून टाकल्या. रेणुका खिडकीकडे तोंड करून उभी होती.

प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर निवड 'अ' अशी आहे. कारण: 'काहीही न दिल्यास काहीही बोलत नाही.' तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी रेणुकाला विचारलं, मॅडमचा स्वतःचा आवाज मिळत असताना तुम्ही परका का निवडला? तिनं अहवालाचं शेवटचं पान उघडलं. मागे उभ्या मॅडमनी टाइप केलं. सपाट आवाज म्हणाला, "आपण अहवाल वाचून आला असतात तर बरं झालं असतं." परीक्षकांनी 'थँक्यू मॅडम' म्हटलं आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या आवाजात टोमणा कळत नाही. मुलांना चांगले गुण मिळाले.

मे महिन्यात मी काही दिवसांसाठी गावाला निघालो होतो. किल्ली परत द्यायला वर गेलो. दुपारच्या जेवणाची वेळ होती. मॅडम अम्मींच्या शेजारी बसल्या होत्या, टॅब्लेट मांडीवर. अम्मींना त्या दिवशी काही आठवत नव्हतं. त्या मॅडमशी मराठीत बोलत होत्या, घरी आलेल्या परक्या बाईशी बोलावं तसं.

अम्मींच्या माहेरी बांगड्यांचं दुकान होतं. लग्नाआधी त्या तिथे बसत. त्यांनी मॅडमचा हात हातात घेतला, बोटं एकत्र दाबली, अंगठा आत मुडपला, बांगडी चढवण्याआधी कासार करतात तसा, आणि माप घेतलं.

"बाई, हात अगदी आमच्या शाहीनच्या मापाचा आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "कधी येणार आहे हो ती? काही बोलली का तुम्हाला?"

मॅडमचा एक हात अम्मींच्या हातात होता. दुसऱ्या हातानं टाइप करायला त्यांना वेळ लागला.

"उशीर होईल," आवाज म्हणाला. "आपण जेवून घ्या."

"बरं," अम्मी म्हणाल्या. "मग तुम्हीपण बसा."

मॅडमनी टॅब्लेट बाजूला ठेवला आणि ताटं घेतली. अम्मी जेवल्या.